शेल स्क्रिप्टमध्ये अट कशी तपासतात? चौकोनी कंस, एक स्पेस आणि उडालेल्या फाइल्स

जानेवारी २०१५. कम्प्युटर गेम्ससाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'स्टीम' या सॉफ्टवेअरच्या लिनक्स आवृत्तीबद्दल एक तक्रार आली. एका वापरकर्त्याने स्टीमचं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलं आणि मूळ जागी त्याची लिंक ठेवली. नंतर स्टीम सुरू केलं, तर त्याच्या सगळ्या वैयक्तिक फाइल्स पुसल्या गेल्या. बॅकअपसाठी जोडलेली बाहेरची हार्ड डिस्कसुद्धा सुटली नाही.

यात व्हायरस नव्हता आणि कुणी हॅकिंगही केलं नव्हतं. सगळा घोळ स्टीम सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमधल्या एका ओळीचा होता. ती ओळ सांगत होती, 'स्टीमच्या फोल्डरमधलं सगळं पुसून टाक'. पण स्टीमचं फोल्डर कुठे आहे हे स्क्रिप्टला सापडलंच नव्हतं. फोल्डरच्या नावाची जागा रिकामी राहिली आणि आदेशाचा अर्थ झाला, 'सगळंच पुसून टाक'. त्या ओळीच्या वर 'भीतीदायक!' अशा अर्थाची टिप्पणी प्रोग्रामरने स्वतःच लिहून ठेवली होती. त्याला भीती वाटली होती, पण पुसण्याआधी एक साधी अट तपासायची राहून गेली. ही चूक पुढे दुरुस्त झाली.

शेल स्क्रिप्टमध्ये ही 'साधी अट' कशी लिहितात? ती इतक्या जणांची का चुकते? आणि इंटरनेटवरून उचललेली किंवा एआयने लिहून दिलेली स्क्रिप्ट चालवण्याआधी त्यात काय पाहायचं? समजून घेऊया.

आधी हे पाहू, शेल म्हणजे काय?

काळ्या खिडकीत कमांड टाइप करून कम्प्युटरकडून काम करून घेताना तुम्ही ज्याच्याशी बोलता, तो प्रोग्राम म्हणजे शेल. लिनक्स, मॅक आणि अँड्रॉइड, तिन्हींमध्ये शेल असतो. अनेक कमांड्स एका फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवल्या की झाली शेल स्क्रिप्ट. रोजचा बॅकअप घेणं, सर्व्हर सुरू करणं, हजारो फोटोंची नावं बदलणं अशी कामं स्क्रिप्ट करते. आपण वापरतो त्या बहुतेक वेबसाइट्सच्या मागे कुठे ना कुठे अशी एखादी स्क्रिप्ट चालू असते.

एक सूचना. या लेखातली उदाहरणं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. खऱ्या टर्मिनलवर कमांड्स, पर्याय, व्हेरिएबलची नावं आणि आकडे रोमन लिपीतच टाइप करावे लागतात. कंस, अवतरण चिन्हं, डॉलर, डॅश आणि स्पेस मात्र इथे दिसतात तशीच्या तशी वापरायची. चुका होतात त्याही याच चिन्हांमध्ये.

'इफ' नेमकं काय तपासतं?

शेलमधल्या अटीचा साचा असा असतो:

इफ कमांड; देन
  हे काम कर
एल्स
  ते काम कर
फाय

इथेच पहिला गैरसमज होतो. बहुतेकांना वाटतं की 'इफ'नंतर गणितासारखी अट येते. खरं तर 'इफ'नंतर एक कमांड येते. शेल ती कमांड चालवतो आणि ती यशस्वी झाली की नाही एवढंच पाहतो.

हे त्याला कसं कळतं? प्रत्येक कमांड संपताना मागे एक आकडा ठेवून जाते. त्याला 'एक्झिट स्टेटस' म्हणतात आणि तो ० ते २५५ यांपैकी काहीही असू शकतो. ० म्हणजे काम फत्ते, दुसरा कुठलाही आकडा म्हणजे काहीतरी बिनसलं.

बाकीच्या बहुतेक प्रोग्रामिंग भाषांमध्ये ० म्हणजे 'खोटं' असतं, शेलमध्ये मात्र नेमकं उलटं. त्यामागचं कारण साधं आहे. काम जमण्याची तऱ्हा एकच असते, पण फसण्याच्या तऱ्हा अनेक. फाइल सापडली नाही, परवानगी नाही, जागा संपली... प्रत्येक कारणाला वेगळा आकडा देता यावा म्हणून यशाला ० ठेवला आणि उरलेले सगळे आकडे अपयशाला दिले.

त्यामुळे अट लिहायला कंस लागतातच असं नाही. फाइलमध्ये शब्द शोधणारी 'ग्रेप' ही कमांड बघा:

इफ ग्रेप -क्यू "पुणे" यादी; देन
  एको "यादीत पुणे आहे"
फाय

'ग्रेप'ला शब्द सापडला तर ती ० देते, नाही सापडला तर १. 'इफ'ला तेवढं पुरेसं आहे.

मग चौकोनी कंस कशासाठी?

'ही फाइल आहे का?', 'हे दोन शब्द सारखे आहेत का?' असे प्रश्न विचारायला एक खास कमांड आहे. तिचं नाव 'टेस्ट'. ती पडद्यावर काही दाखवत नाही. उत्तर 'हो' असेल तर ० देते, 'नाही' असेल तर १ आणि प्रश्नच चुकीचा विचारला असेल तर १ पेक्षा मोठा आकडा.

चौकोनी कंस हे याच 'टेस्ट'चं दुसरं नाव. म्हणजे खालच्या दोन्ही ओळींचा अर्थ एकच आहे:

टेस्ट "$शहर" = "पुणे"
[ "$शहर" = "पुणे" ]

उघडणारा चौकोनी कंस हे विरामचिन्ह नाही, ती एक कमांड आहे. बहुतेक लिनक्स कम्प्युटरवर या नावाचा प्रोग्रामही सापडतो, फाइलचं नावच '['. बंद होणारा कंस म्हणजे त्या कमांडला दिलेला शेवटचा शब्द, वाक्य इथे संपलं हे सांगणारा.

हे एकदा डोक्यात बसलं की स्पेसचा नियम पाठ करावा लागत नाही. कमांड आणि तिला दिलेले शब्द यांच्यात स्पेस लागतेच. 'एको' आणि तिच्यापुढचा शब्द आपण चिकटवून लिहित नाही, तसंच '['चं. स्पेस विसरली तर तीन गोष्टी होऊ शकतात.

पहिली: ["$शहर" = "पुणे" ] असं लिहिलं तर शेल '[पुणे' नावाची कमांड शोधतो आणि 'अशी कमांड सापडत नाही' म्हणतो.

दुसरी: [ "$शहर" = "पुणे"] असं लिहिलं तर शेवटचा कंस शब्दाला चिकटतो आणि 'बंद करणारा कंस नाही' अशी तक्रार येते.

तिसरी सगळ्यात वाईट: [ "$शहर"="पुणे" ]. इथे एरर येतच नाही. बरोबरच्या चिन्हाभोवती स्पेस नसल्यामुळे शेलला तो सगळा मिळून एकच शब्द वाटतो. 'टेस्ट'ला एकच शब्द दिला तर ती फक्त तो रिकामा नाही ना एवढंच बघते. रिकामा नाही, म्हणजे उत्तर 'हो'. शहर नागपूर असो की नाशिक, ही अट कायम खरीच ठरते.

याच नियमाने [ ० ] सुद्धा खरं असतं आणि कंसात इंग्रजीतला 'फॉल्स' हा शब्द लिहिला तरी तेही खरंच. दोन्ही न-रिकामे शब्द आहेत, विषय संपला.

एररनंतरही स्क्रिप्ट थांबत नाही

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. अटीतच चूक असली तर काय होतं? 'टेस्ट' चुकीसाठी सहसा २ आकडा देते, 'कमांड सापडली नाही' याचा आकडा १२७. पण 'इफ'ला फक्त ० कळतो. बाकी सगळं त्याच्यासाठी 'नाही'. म्हणजे एरर पडद्यावर दिसते आणि स्क्रिप्ट 'एल्स'कडे किंवा पुढच्या ओळीकडे निघून जाते. पुढची ओळ फाइल्स पुसणारी असेल, तर पुढे काय होईल हे सांगायला नको.

ही पद्धत आली कुठून?

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम घडत होती. केन थॉम्पसन यांनी लिहिलेल्या तिच्या पहिल्या शेलमध्ये 'इफ' हा शेलचा भागच नव्हता. तो एक वेगळा प्रोग्राम होता.

१९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत स्टीफन बॉर्न यांचा शेल आला. आज दिसणारी 'इफ... फाय' ही रचना त्यातली. बॉर्न यांच्यावर 'अल्गोल ६८' या भाषेचा प्रभाव होता, म्हणून सुरुवातीचा शब्द उलटा लिहून शेवट करण्याची पद्धत त्यांनी घेतली. 'इफ'ची अक्षरं उलटी केली की 'फाय', 'केस'ची उलटी केली की 'इसॅक'. याच न्यायाने 'डू'चा शेवट 'ओडी'ने व्हायला हवा होता. पण त्या नावाची कमांड युनिक्समध्ये आधीच होती, म्हणून तिथे 'डन' आलं.

पुढे बेल लॅब्समधल्याच डेव्हिड कॉर्न यांनी 'कॉर्न शेल' तयार केला. त्याच्या १९८८ च्या आवृत्तीत दुहेरी चौकोनी कंस आले. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी 'बॅश' लिहिला. बॅशचं पूर्ण नाव म्हणजे बॉर्न यांच्या नावावर केलेली कोटी, 'बॉर्न अगेन शेल', जणू बॉर्न शेलचा पुनर्जन्म. पुढे बॅशनेही दुहेरी कंस स्वीकारले.

काय काय विचारता येतं?

'टेस्ट'ला विचारायचे प्रश्न तीन गटांत मोडतात.

फाइलबद्दलचे प्रश्न:
-ई : या नावाचं काही आहे का?
-एफ : ही साधी फाइल आहे का?
-डी : हे फोल्डर आहे का?
-एस : फाइल आहे आणि ती रिकामी नाही ना?
-आर, -डब्ल्यू, -एक्स : वाचण्याची, लिहिण्याची, चालवण्याची परवानगी आहे का?
-एल (कॅपिटल) : ही दुसरीकडे बोट दाखवणारी लिंक आहे का?

शब्दांबद्दलचे प्रश्न:
-झेड : मजकूर रिकामा आहे का?
-एन : मजकूर रिकामा नाही ना?
= : दोन्ही सारखे आहेत का?
!= : दोन्ही वेगळे आहेत का?

आकड्यांबद्दलचे प्रश्न:
-ईक्यू : समान
-एनई : असमान
-जीटी : पेक्षा मोठा
-जीई : मोठा किंवा समान
-एलटी : पेक्षा लहान
-एलई : लहान किंवा समान

कुठल्याही प्रश्नाच्या आधी उद्गारचिन्ह आणि स्पेस टाकली की तो उलटा होतो. [ ! -डी "बॅकअप" ] म्हणजे 'बॅकअप नावाचं फोल्डर नाही, बरोबर?'

आकड्यांसाठी वेगळी चिन्हं कशाला? साधं '>' का नाही? कारण शेलमध्ये '>' हे चिन्ह आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेलं आहे. 'आलेला मजकूर फाइलमध्ये लिही' असा त्याचा अर्थ. म्हणून [ ५ > १० ] लिहिलं तर तुलना होतच नाही. '१०' नावाची एक रिकामी फाइल तयार होते. कंसात उरतो फक्त ५, तो रिकामा नाही, म्हणून उत्तर 'हो'. पाच दहापेक्षा मोठा ठरतो, वर फोल्डरमध्ये एक अनोळखी फाइल येऊन बसते. त्या नावाची फाइल आधीपासून असेल, तर तिच्यातला मजकूर जातो.

अवतरण चिन्हं विसरलात तर?

शेलमध्ये '$शहर' लिहिलं की शेल आधी तिथे व्हेरिएबलची किंमत आणून ठेवतो आणि मग कमांड चालवतो. अवतरण चिन्हं नसतील तर ती किंमत जिथे जिथे स्पेस दिसेल तिथे तोडली जाते. किंमत रिकामी असेल तर तो शब्दच गायब होतो.

समजा '$शहर' रिकामं आहे आणि तुम्ही लिहिलंत [ $शहर = "पुणे" ]. 'टेस्ट'पर्यंत पोचतं फक्त [ = पुणे ]. ती गोंधळते आणि एरर देते.

किंवा फाइलचं नाव 'लग्नाचे फोटो' आहे आणि तुम्ही लिहिलंत [ -एफ $फाइल ]. 'टेस्ट'ला एका नावाऐवजी दोन शब्द मिळतात आणि ती तक्रार करते. फाइल जागेवर असूनही स्क्रिप्टला ती 'नाही' वाटते.

सगळ्यात फसवं उदाहरण मात्र हे:

[ -एन $शहर ]

प्रश्न आहे, 'शहर रिकामं नाही ना?' समजा ते खरोखरच रिकामं आहे. मग शब्द गायब होतो आणि उरतं [ -एन ]. आता '-एन' हाच एकमेव शब्द झाला. तो रिकामा नाही, म्हणून उत्तर 'हो'. रिकामं आहे का हे बघायला ठेवलेला पहारेकरी रिकाम्यालाच आत सोडतो, तेही एरर न देता.

उपाय एकच, आणि तो सोपा आहे. एकेरी चौकोनी कंसात प्रत्येक व्हेरिएबल दुहेरी अवतरण चिन्हांत ठेवायचं: [ -एन "$शहर" ]. आत काही नसलं तरी अवतरण चिन्हांमुळे एक रिकामा शब्द उरतो आणि 'टेस्ट'ला खरं उत्तर मिळतं.

दुहेरी कंस काय वेगळं करतात?

[[ ही कमांड नाही, तर शेलच्या व्याकरणाचा भाग आहे. स्वतः पाहायचं असेल तर बॅशमध्ये 'टाइप [' आणि 'टाइप [[' अशा दोन कमांड्स देऊन बघा. पहिल्याला तो शेलमधली अंगभूत कमांड म्हणेल, दुसऱ्याला कीवर्ड.

कीवर्ड असल्यामुळे आत काय चाललंय हे शेलला आधीच माहीत असतं. त्यामुळे बऱ्याच सोयी होतात. व्हेरिएबलची किंमत स्पेसवर तुटत नाही, म्हणून [[ -एन $शहर ]] अवतरण चिन्हांशिवायही बरोबर चालतं. 'आणि'साठी &&, 'किंवा'साठी || कंसाच्या आतच लिहिता येतं. '>' लिहिल्याने नवी फाइल तयार होत नाही. शिवाय [[ $फाइल == *.जेपीजी ]] असं लिहून 'नावाचा शेवट असा आहे का?' हेही विचारता येतं. गुंतागुंतीचे साचे तपासायला =~ हे चिन्ह आहे.

तरी दोन ठिकाणी जपून.

एक, दुहेरी कंसातलं '>' आकडे नव्हे, अक्षरं तोलतं. शब्दकोशात जसा क्रम लावतात तसं. [[ १० > ९ ]] हे खोटं ठरतं, कारण पहिलं अक्षर १ हे ९ च्या आधी येतं. आकड्यांसाठी इथेही -जीटी वापरा, नाहीतर (( १० > ९ )) असे दुहेरी गोल कंस. त्यांच्या आत खरं गणित चालतं.

दोन, शून्याने सुरू होणारे आकडे. बॅशमध्ये [ ०८ -ईक्यू ८ ] नीट चालतं, पण [[ ०८ -ईक्यू ८ ]] एरर देतं. दुहेरी कंसात आणि गोल कंसात सुरुवातीचं शून्य म्हणजे 'हा आकडा अष्टमान पद्धतीतला आहे' अशी खूण. अष्टमान पद्धतीत ० ते ७ एवढेच अंक असतात, तिथे ८ आणि ९ नाहीतच. महिन्याचा आकडा तारखेतून काढणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ही चूक दडून बसते. ०१ ते ०७ सुरळीत पार पडतात. स्क्रिप्ट जानेवारी ते जुलै मुकाट चालते, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये अडते आणि ऑक्टोबर उजाडला की आपोआप 'बरी' होते.

एका कम्प्युटरवर चालते, दुसऱ्यावर का नाही?

कारण शेल एकच नाही. १९९२ च्या पोझिक्स या मानकात शेलची जी समान भाषा ठरली, तिच्यात एकेरी कंस आहेत. दुहेरी कंस ही कॉर्न, बॅश, झीशेल अशा शेलनी दिलेली जादा सोय आहे.

उबुंटूने २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून सिस्टीमच्या स्क्रिप्ट्ससाठी बॅशऐवजी 'डॅश' हा छोटा, वेगवान शेल नेमला. डेबियननेही नंतर तोच मार्ग धरला. डॅशला [[ कळत नाही, तो 'अशी कमांड नाही' म्हणतो आणि अट खोटी धरून पुढे जातो. एकेरी कंसात = ऐवजी == लिहिलेलंही त्याला चालत नाही. बॅशला चालतं, म्हणून ही सवय अनेकांना लागते. अॅपलने २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनापासून झीशेल हा नेहमीचा शेल केला. तिथे दुहेरी कंस चालतात, पण एकेरी कंसातलं == तिथेही अडतं. अँड्रॉइडमध्ये कॉर्न शेलच्या कुळातला शेल असतो.

म्हणून स्क्रिप्टची पहिली ओळ आधी वाचायची. #! या चिन्हांनी सुरू होणारी ती ओळ कुठला शेल हवा ते सांगते. तिथे बॅश लिहिलं असेल तर दुहेरी कंस बिनधास्त वापरा. नुसतं 'एसएच' लिहिलं असेल तर एकेरी कंस, एकच = आणि अवतरण चिन्हं.

मराठी मजकूर तपासताना

मराठी नावांच्या फाइल्स, मराठीतल्या याद्या स्क्रिप्टमधून चालवणाऱ्यांना आणखी काही अडचणी येतात.

पहिली अडचण आकड्यांची. 'टेस्ट'ला फक्त इंग्रजी अंक समजतात. देवनागरी १८ दिला तर ती 'हा आकडाच नाही' म्हणते. आधी अंक बदलून घ्यावे लागतात.

दुसरी अडचण चटकन डोळ्यांना दिसत नाही. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र कम्प्युटरमध्ये एकापेक्षा जास्त पद्धतींनी साठवला जातो. कुणाच्या कीबोर्डवरून 'ऱ' अधिक हलन्त असा येतो, कुणाच्या कीबोर्डवरून 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण '=' चिन्ह दिसण्यावर जात नाही, ते आतले बाइट्स ताडून बघतं. ते वेगळे, म्हणून उत्तर 'नाही'. 'नाव तर तेच आहे, मग जुळत का नाही?' या प्रश्नाचं उत्तर अनेकदा इथे सापडतं. तुलना करण्याआधी दोन्हीकडचा मजकूर एकाच पद्धतीत आणून घेणं हा त्यावरचा उपाय.

तिसरी अडचण कुठल्याही भाषेत येते. विंडोजवर सेव्ह केलेल्या यादीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह जास्तीचं असतं. 'हो' आणि 'हो अधिक ते चिन्ह' शेलसाठी सारखे नाहीत.

'आणि', 'किंवा' आणि एक शॉर्टकट

एकेरी कंसात दोन अटी जोडायला जुन्या स्क्रिप्ट्समध्ये -ए आणि -ओ वापरलेले दिसतात. काही ठिकाणी त्यांचा अर्थ संदिग्ध होतो, म्हणून २००८ च्या पोझिक्सने त्यांना कालबाह्य ठरवलं. त्यापेक्षा दोन वेगळे कंस लिहून मध्ये && किंवा || ठेवणं चांगलं:

[ -एफ "$फाइल" ] && [ -आर "$फाइल" ]

सोशल मीडियावरच्या 'एका ओळीत करा' छाप टिप्समध्ये मात्र हा शॉर्टकट फार दिसतो:

[ -एफ "$फाइल" ] && सीपी "$फाइल" बॅकअप || एको "फाइल नाही"

वाटतं की हे 'इफ-एल्स'च आहे, पण तसं नाही. फाइल असेल आणि कॉपी करताना डिस्क भरली, तर 'सीपी' अपयशी ठरते आणि || नंतरचा भाग चालतो. पडद्यावर येतं 'फाइल नाही'. फाइल आहे, बॅकअप झालेला नाही आणि संदेश तिसरंच काही सांगतोय. अशा ठिकाणी पूर्ण 'इफ-एल्स' लिहिलेलं बरं.

पुन्हा त्या ओळीकडे

स्टीमच्या स्क्रिप्टमध्ये आधी फोल्डरमध्ये जाऊन त्याचा पत्ता एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचा होता. फोल्डरमध्ये जाणंच फसलं आणि व्हेरिएबल रिकामं राहिलं. रिकामं व्हेरिएबल ही शेलच्या नजरेत चूक नाही. पुढे पुसण्याच्या ओळीत त्या रिकाम्या जागेनंतर '/' आणि '*' होतं. '/' म्हणजे कम्प्युटरमधल्या फाइल्सचं मूळ आणि '*' म्हणजे त्यातलं सगळं. लक्षात घ्या, त्या ओळीत अवतरण चिन्हं जागच्या जागी होती. रिकाम्या व्हेरिएबलचा शब्द त्यांनी टिकवला असता, पण 'हे रिकामं आहे, थांब' असं सांगणं हे त्यांचं काम नाही. ते काम अटीचं. पुसण्याआधी एवढं असतं तर पुरलं असतं:

इफ [ -झेड "$जागा" ] || [ "$जागा" = "/" ]; देन
  एको "फोल्डर सापडलं नाही, थांबतोय"
  एक्झिट १
फाय

दुसऱ्याची स्क्रिप्ट चालवण्याआधी काय पाहाल?

१. 'आरएम' ही पुसणारी कमांड शोधा. तिच्यासोबत व्हेरिएबल असेल, तर ते रिकामं नाही हे आधी कुठे तपासलंय का?

२. 'सीडी'ने फोल्डर बदलल्यावर, ते जमलं नाही तर स्क्रिप्ट थांबते का? ओळीच्या शेवटी '|| एक्झिट १' असणं ही चांगली खूण.

३. एकेरी कंसातली सगळी व्हेरिएबल्स दुहेरी अवतरण चिन्हांत आहेत का? कंसांच्या आत दोन्हीकडे आणि = च्या दोन्ही बाजूंना स्पेस आहे का?

४. एकेरी कंसात < किंवा > दिसलं तर थांबा. बहुतेक वेळा लिहिणाऱ्याला -एलटी किंवा -जीटी म्हणायचं असतं.

५. पहिल्या ओळीतला शेल आणि आतले कंस जुळतात का?

६. ही नजरचूक पकडायला 'शेलचेक' नावाचं मोफत टूल आहे. स्क्रिप्ट त्यात टाकली की सुटलेली अवतरण चिन्हं, विसरलेली स्पेस, नेहमी खरी ठरणारी अट असं बरंच काही ते ओळ क्रमांकासह दाखवतं. स्क्रिप्ट न चालवता तपासतं, त्यामुळे धोका नाही.

७. आणि शंका असेल तेव्हा पुसणाऱ्या कमांडच्या आधी 'एको' लिहून एकदा चालवा. काय पुसलं जाणार होतं त्याची यादी पडद्यावर येईल. यादीत घरचे फोटो दिसले, तर अट कुठे चुकली हे शोधायला तुमच्याकडे वेळ आहे आणि फोटोही जागेवर आहेत.